पुढच्या वर्षीचे अपघात

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की सावखेडे फाट्याला डाव्या हाताला अभिमन पाटलाचं घर लागतं. घराला ओटा, ओट्यापुढे मोकळी जागा, आणि त्या जागेत बरीच वर्षं एक जुनी क्रेन उभी असायची. लष्कराच्या लिलावात मिळालेल्या ट्रकच्या चेसिसवर बसवलेली, नाक चपटं झालेली, पिवळा रंग उडून खालचा हिरवा दिसणारी. आसपासच्या रस्त्यांवरच्या प्रत्येक मोरीच्या कठड्यावर अभिमनचा नंबर तेलरंगाने लिहिलेला होता. त्याखाली दोनच शब्द, 'क्रेन मिळेल.'

गावात त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोलत नसे. उलट बैल विहिरीत पडला तर आधी त्यालाच हाक जायची. पण लग्नाच्या वरातीसमोरून क्रेन निघाली की वाजंत्री आपोआप थांबायचे. हळदीच्या घरी तो मुद्दाम पंगती उठल्यावर जायचा. चार माणसांत बसलेला असताना त्याचा फोन वाजला की बोलणी तुटायची आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. आपला कोणी रस्त्यावर आहे का, याचा हिशेब ज्याचा तो मनातल्या मनात करायचा. अभिमन फोन ठेवून म्हणायचा, "कोनी नही, बाहेरगावनी गाडी शे." मग पुन्हा बोलणी सुरू व्हायची.

हे काम तो शिकला मोतीलाल नानांच्या हाताखाली. क्रेन मूळ नानांची. गुडघे गेले तेव्हा नाना दोंडाईच्याला लेकीकडे राहायला गेले आणि क्रेन अभिमनकडे आली. नानांनी त्याला हूक कुठे लावायचा, वायररोपला पीळ पडला की ओळखायचं कसं, हे तर शिकवलंच, पण एक रीतही घालून दिली होती. दसऱ्याला क्रेन धुवायची, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा, हात जोडायचे आणि मागे फिरायचं. मागायचं काही नाही. इतर धंदेवाले यंत्रापुढे उभे राहून बरकत मागतात. क्रेनवाल्याने मागायची नाही. का, ते नानांनी सांगितलं नाही, आणि अभिमनला विचारावं लागलं नाही.

त्या वर्षी पौषात धुकं फार पडत होतं. उजाडायच्या सुमाराला फोन आला. फाट्यापासून जवळच, मोरीच्या कठड्यावर एक ट्रक आडवा झाला होता. राजस्थानहून फरशी घेऊन निघालेला. मोरीचा कठडा केबिनमध्ये घुसला होता आणि हॉर्न दाबला गेल्यामुळे एकसारखा वाजत होता. अभिमनने पहिलं काम केलं ते बॅटरीची वायर तोडायचं. हॉर्न थांबला, आणि तेव्हा केबिनमधून आवाज ऐकू आला.

"कितना टाइम लगेगा, भैया?"

ड्रायव्हरचं नाव शिवपूजन. उत्तर प्रदेशातल्या कुठल्या तरी खेड्यातला. पाय स्टिअरिंगखाली अडकलेले, तोंड मोकळं. अभिमन खिडकीतून आत वाकून म्हणाला, "पाँच मिनट."

हूक लागला. वायररोप गुंडाळणारी विंच फिरली. केबिन वर उचलली जाऊ लागली आणि मग आतला गिअर सटकला. केबिन पुन्हा होती तिथे बसली. शिवपूजन ओरडला नाही. त्याने फक्त श्वास घेतला आणि विचारलं, "कितना टाइम?"

"पाँच मिनट, भैया. बस, पाँच मिनट."

अभिमनने परत हूक लावला. गिअर परत सटकला. धुळ्याहून दुसरी क्रेन निघाली होती, पण रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. मधल्या वेळात अभिमन खिडकीशी उभा राहून शिवपूजनशी बोलत राहिला. घरी कोण आहे, गाव कुठलं, कोणत्या नदीकाठी. शिवपूजन सांगत होता. त्याच्या गावच्या बाजारात गूळ चांगला मिळतो, हे त्याने दोनदा सांगितलं. दर थोड्या वेळाने तो एकच प्रश्न विचारी आणि अभिमन एकच उत्तर देई. धुळ्याची क्रेन आली तेव्हा प्रश्न बंद झाला होता.

त्यानंतर अभिमनमध्ये वरवर काही बदललं नाही. जेवण तेवढंच, काम तेवढंच. रत्नाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, एवढंच लक्षात आलं की हा माणूस दुपारी घरात टेकत नाही. ओट्यावर जाऊन बसतो. बाहेर रस्त्याचा आवाज असतो. घरात शांत असतं, आणि शांततेत त्याला कोणीतरी विचारतं. आवाज मोठा नाही, रागाचा नाही. चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाने बसची वेळ विचारावी तसा. अभिमनने हे कुणाला सांगितलं नाही. 'पाच मिनिटं' हे शब्द मात्र त्याच्या बोलण्यातून गेले. पाणी आणतो, जेवायला येतो, असं काही म्हणायचं झालं तर तो म्हणे, "उनू," म्हणजे आलो, आणि उठे.

गिअर नवा मिळतो का ते बघायला तो जळगावला निर्मलकुमार शेठच्या दुकानात गेला. शेठ स्पेअर पार्टचे व्यापारी. वायररोप अभिमन त्यांच्याकडूनच घेई. शेठनी तुटका गिअर हातात फिरवून पाहिला आणि काउंटरवर ठेवला.

"अभिमनभाऊ, हा आता कुठेच बनत नाही. आणि बनवून घेतला तरी तुमच्या त्या म्हाताऱ्या विंचला किती दिवस पुरणार? हायड्रा घ्या, नवी हायड्रॉलिक क्रेन."

"हायड्रा म्हणजे ट्रॅक्टर नाही शेठ, उधारीवर आणायला."

"उधारीवर कोण म्हणतंय? सरकारी योजना आहे. बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारचं अनुदान. माझी विधी ही कामं करते. वरच्या मजल्यावर ऑफिस आहे, जाऊन बसा."

विधी शेठची मुलगी. सीए झालेली, बोलायला गोड, हाताने झपाट्याची. तिने कागदांची नावं भराभर सांगितली. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जागेचा उतारा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, क्रेनचं कोटेशन. अभिमन सातवी पास होता, तेवढं पुरत होतं. जुनी क्रेन अजून नानांच्याच नावावर असल्यामुळे कागदोपत्री हा धंदा नवाच ठरत होता.

"काका, अर्ज काकूंच्या नावाने करू या का? बायकांना अनुदान जास्त मिळतं."

"करा की," अभिमन म्हणाला.

कागद जमवायला उन्हाळा लागला. तहसील, ग्रामपंचायत, सेतू केंद्र. प्रत्येक खिडकीवर माणूस वर न बघता म्हणायचा, "पाच मिनिटं बसा." अभिमन बसायचा नाही. तो उभा राहायचा, भिंतीला पाठ लावून, आणि त्याच्या शेजारी तो विचारणारा. पारोळ्याच्या सेतू केंद्रात एकदा त्याला इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्याने वळून पाहिलं. मागे एक म्हातारी रेशनकार्ड घेऊन उभी होती. तिने विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ?" तो म्हणाला, "काही नही, अक्का," आणि नंबर सोडून बाहेर निघून गेला.

मग ज्येष्ठात विधीने त्याला प्रोजेक्ट रिपोर्टसाठी बोलावलं. तिच्या टेबलावर लॅपटॉप होता. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"हे बघा काका. बँकेला पुढच्या पाच वर्षांचा अंदाज द्यावा लागतो. दर वर्षी किती कामं येतील, त्यातून किती उत्पन्न होईल. आता महिन्याला सरासरी किती येतात?"

त्याने सांगितलं. तिने लिहिलं.

"आणि वाढ दर वर्षी दहा टक्के धरू. सगळे तेवढीच धरतात. फार दाखवली तर त्यांना खोटं वाटतं, कमी दाखवली तर म्हणतात धंद्यात दम नाही."

"कसली वाढ?"

"कामांची."

"काम म्हणजे ताई, गाडी उलटली की येतं ते."

विधीचा हात थांबला. मग ती म्हणाली, "हो, पण आपण तसं लिहीत नाही. 'सेवा' लिहितो. सेवांची संख्या."

अभिमन स्क्रीनकडे बघत राहिला. पाच रकाने होते. प्रत्येकाच्या डोक्यावर वर्ष लिहिलेलं, आणि खाली आकडा आधीच्यापेक्षा मोठा. शेवटच्या रकान्यातलं वर्ष इतकं लांबचं होतं की त्या वर्षी काय असेल याचा विचार त्याने कधी केला नव्हता. पण तिथे आकडा होता.

"ही माणसं आत्ता कुठं असतील?" त्याने विचारलं.

"कोण माणसं, काका?"

त्याने बोट रकान्यांकडे केलं आणि मागे घेतलं. विधीने कागद छापून दिले. सही रत्नाची लागणार होती, म्हणून ते पिशवीत घालून तो निघाला.

धुळ्याची एसटी मिळाली. खिडकीची जागा. एरंडोलपर्यंत तो डोळे मिटून होता, मग उघडले. एका मोटरसायकलवर तिघं कॉलेजची पोरं चालली होती, मागचा हसत होता. त्यांच्या पुढे केळीचा टेम्पो, ड्रायव्हरचा कोपर बाहेर. एक नवरा-बायको स्कूटरवर, मध्ये पोर झोपलेलं, त्याची मान प्रत्येक खड्ड्याला हलत होती. अभिमन प्रत्येकाकडे पाहत होता. पहिल्या रकान्यातलं कोण? तिसऱ्यातलं कोण? झोपलेलं ते पोर पाचव्या वर्षी शाळेत जात असेल, रस्ता ओलांडत असेल. शेजारच्या सीटवरचा माणूस शेंगा सोलत होता, त्याने थोड्या पुढे केल्या. अभिमनने त्याचाही चेहरा पाहिला आणि मान हलवली. सावखेडे फाटा आला तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

घरी आल्यावर त्याने पिशवी खुंटीला लावली. रत्नाने विचारलं, "सही कोठे करानी?"

"करू नको."

"कसाले?"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. शिवपूजनचं पहिल्यांदा सांगितलं, मग रकान्यांचं. रत्ना चुलीपाशी बसून ऐकत होती. भाकरी करपली, तिने ती बाजूला काढली, दुसरी थापली नाही.

"तुम्ही नही लिखं तर गाड्या पडानं थांबी जाई का?" ती म्हणाली.

"नही थांबावं."

"मंग?"

"पन मी मांगेल नही व्हतं. आते मांगेल व्हई. सरकारले, लिखीसन."

रत्नाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मी करी देस सही. मना नाववर ऱ्हाऊ द्या."

"नही," अभिमन म्हणाला. "तुना नाववर तर नहीच. अनुदान कमी भेटनं तरी चाली."

दुसऱ्या आठवड्यात तो दोंडाईच्याला गेला. मोतीलाल नाना लेकीच्या घरी पडवीत खाटेवर असत. दिसायला कमी झालेलं, पण हाताची पकड तशीच होती. अभिमन खाली बसला. इकडचं तिकडचं झालं. मग त्याने विचारलं, "नाना, दसऱ्याले तुम्ही काही मांगेत नही. कसाले?"

नाना हसले. "मांगं आन भेटनं तर काय करशी? आन नही भेटनं तर खाशी काय? म्हनीसन मांगानंच नही. गुपचूप जगानं."

अभिमनने मोरीवरच्या सकाळची गोष्ट सांगितली. गिअर सटकल्याचं सांगताना तो नानांकडे बघू शकला नाही, कारण विंच नानांनीच बसवलेली होती. नानांना ते कळलं.

"तो तुनाकडे येस?" त्यांनी विचारलं.

"येस."

"मनाकडे एक बाई येस. फाटाना पुढला वळनवरनी. लाल लुगडानी. आते किती वरीस व्हई ग्यात."

"काय म्हनस?"

"काही नही. बसस, ती तठे." नानांनी पडवीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक पाण्याचा माठ होता आणि लेकीच्या चपला. अभिमनने पाहिलं आणि नजर वळवली.

"जातस नही का त्या कधी?"

"कोठे जातीन?" नाना म्हणाले. "आपलाशिवाय अठे त्यासना वळखना कोन शे?"

लेक चहा घेऊन आली. नानांनी बशीत ओतून घेतला, फुंकर मारली. मग म्हणाले, "नवी क्रेन ली ले. ती विंच मनामुळेच तुना गळामा पडेल शे. ती भंगारमा दे. पन तुले जे लिखानं नही शे ते लिखू नको. दुसरं काही लिख. इहिरी नहीत का?"

परतीच्या गाडीत अभिमनने हातावर पेनने लिहायला सुरुवात केली. विहिरीतल्या मोटरी. जिनिंगच्या मिलमध्ये मशीन उतरवणं. ट्रान्सफॉर्मर बसवणं. पवनचक्कीवाल्यांचं सामान. केळीच्या बागांना पाइप लागतात. मंदिराचे कळस चढवणं. तळहात भरला तेव्हा तो मनगटावर गेला.

विधीने ते वाचायला त्याचा हात आपल्याकडे ओढून घेतला. तिने सगळं टाइप केलं, दर वर्षी वाढणारं. मग शेवटी म्हणाली, "आणि रस्त्यावरच्या सेवा? काका, त्या गाळल्या तर बँक विचारणारच. मोऱ्यांवर तुमचा नंबर आहे."

"गाळू नका. कमी करत आणा."

"म्हणजे?"

"यंदा आहेत त्यापेक्षा पुढच्या वर्षी कमी. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. पाचव्या वर्षी..." तो थांबला. शून्य म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. "पाचव्या वर्षी थोडे."

"आणि अर्ज?"

"माझ्या नावावर."

विधीने त्याच्याकडे पाहिलं. तिला ही सगळी गोष्ट माहीत नव्हती, पण तिने विचारलं नाही. रकाने उतरते केले आणि कागद त्याच्यापुढे सरकवले. अभिमनने सही केली. सही करताना ओठ हलत होते. तो काय म्हणत होता ते तिला ऐकू आलं नाही.

अर्ज जिल्ह्याच्या समितीतून पुढे गेला आणि श्रावणात बँकेतून बोलावणं आलं. मॅनेजर विदर्भातले होते, नवेच बदलून आलेले. त्यांनी रिपोर्ट चाळला, एका पानावर बोट ठेवलं.

"पाटील, विहिरीचं ठीक आहे. पण हे काय? अपघाताची कामं दर वर्षी कमी होत जातील असं लिहिलंय तुम्ही. याला आधार काय? रस्ता चौपदरी झाला म्हणून?"

"चौपदरी झाल्यावर गाड्या जोरात जातात, साहेब. आधार काही नाही."

"मग कसं लिहिलं?"

अभिमनने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "साहेब, बाकी सगळं अंदाजाने लिहिलं. एवढं एक मला वाटतं म्हणून लिहिलं."

"बँकेत वाटतं म्हणून चालत नाही."

"नाही चालत. पण ते वाढवून लिहिलं असतं आणि तुम्ही मंजूर केलं असतं, तर मी रोज सकाळी उठून कशाची वाट बघायची?"

मॅनेजरनी पान उलटलं, परत मागे आणलं. मग म्हणाले, "पाच मिनिटं बाहेर बसा."

बाहेर बाकडं होतं. अभिमन या वेळी बसला. शेजारची जागा रिकामी होती आणि त्याला माहीत होतं ती रिकामी नव्हती. गार्डने पंखा लावला. आतून कळफलकाचा आवाज येत होता. प्रश्न आला. अभिमनने उत्तर दिलं नाही, पण उठूनही गेला नाही. तो नुसता बसून राहिला. गार्डने नंतर कुणाला तरी सांगितलं की तो क्रेनवाला माणूस बाकावर अर्ध्याच जागेत बसला होता, जशी कुणाला जागा ठेवली आहे.

मंजुरी आली ती दिवाळी उलटून गेल्यावर. उद्योजकतेचं प्रशिक्षण झालं, त्यात त्याला ग्राहकाशी हसून बोलावं असं शिकवलं गेलं. अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेतच अडकून राहणार होती, क्रेन खरंच चालते का ते पाहून मगच कर्जात वळती होणार होती. तशा अटी होत्या आणि त्याने त्या मान्य केल्या. हायड्रा आली, पिवळीजर्द, रबराचा वास येणारी. जुन्या क्रेनचे भंगारवाल्याने तिथेच तुकडे केले. तपासणीला आलेल्या माणसाने क्रेनसमोर अभिमनला उभं करून फोटो काढला आणि म्हणाला, "जरा हसा की."

विहिरींची कामं खरोखर येऊ लागली. मोटर वर आली की शेतकऱ्याच्या घरचे खुश व्हायचे, चहा व्हायचा, पोरं क्रेनवर चढायची. अशा घरी कुणी त्याच्या फोनकडे बघत नसे. अभिमनला ते बरं वाटायचं आणि परतताना त्याचंच वाईट वाटायचं.

रस्त्यावरची कामं कमी झाली नाहीत. पहिल्या वर्षाअखेरीस विधीने फोन करून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "लिहिले त्यापेक्षा जास्त झाले, ताई." ती म्हणाली, "धंद्याच्या दृष्टीने..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

पण एक गोष्ट झाली. फाल्गुनात केळीचा एक पिकअप नाल्यात गेला. ड्रायव्हर बोदवडचा, प्रेमराज नावाचा, लग्न होऊन दोन पोरांचा बाप. खाली दबलेला होता. अभिमनने क्रेन लावली. तोंड घट्ट मिटून, एक शब्द न बोलता, एका दमात गाडी उचलली. प्रेमराजला ओढून काढलं, एका जीपमध्ये घातलं, आणि जीप धुळ्याच्या दवाखान्याकडे गेली. जगेल का, हे विचारायला अभिमनने फोन केला नाही.

चार महिन्यांनी एका दुपारी प्रेमराज काठी टेकत फाट्यावर उतरला. हातात पिशवीभर भरताची वांगी, घरच्या शेतातली. रत्नाने त्याला ओट्यावर बसवलं. अभिमन समोर बसला. प्रेमराजने क्रेनला हात लावून कपाळाला लावला.

"काका, एक इचारू? तुम्हाले राग तर नी येनार?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही काहीच बोलले नाही. मी खालून पाय पाहत होतो तुमचे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मले वाटलं हे मानूस मुकं आहे. बाकी लोक वर ओरडत होते, पन माह्याशी कोनीच बोलत नव्हतं." तो थोडं हसला. "गाडीचं वजन तर होतंच. पन खरं सांगू, भेव त्याचं वाटलं. म्हनलं, आपन मेलो का काय, म्हनून कोनी बोलत नाही."

अभिमनने मान खाली घातली. रत्ना दारात उभी होती. तिने पाहिलं की तो ओट्याच्या फरशीवर बोटाने काहीतरी ओढतो आहे, पुसतो आहे.

"काय बोलायला पाहिजे होतं?" त्याने शेवटी विचारलं.

"काही पन. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

प्रेमराज गेल्यावर अभिमन त्या दुपारी पहिल्यांदा घरात जाऊन आडवा झाला. झोपला नाही. रत्ना सांगते, आत तो कुणाशी तरी हळू बोलत होता. हिंदीत. एका नदीचं नाव घेत होता, आणि गुळाचं काहीतरी. तिने कडी न लावता दार ओढून घेतलं आणि वांगी भाजायला बसली.

तो आवाज गेला असं नाही. अभिमनही तसं म्हणत नाही. तीन वर्षं पुरी झाली, अनुदान कर्जात वळतं झालं, क्रेनवर लावलेल्या योजनेच्या बोर्डावरचा रंग उन्हाने फिका पडला. फोन आता रत्नाच उचलते. ती आधी एवढंच विचारते, "इहीर का रस्ता?" विहीर म्हटलं तर जोरात हाक मारते. रस्ता म्हटलं तर काही न बोलता जाऊन फाटक उघडते. अभिमनला कळतं.

गेल्या पावसाळ्यात, आभाळ भरलेलं असताना सकाळी, एक टँकर वळणावर उलटला. पोलीस हवालदार आधीच पोहोचला होता. केबिन पूर्ण दबली होती. हवालदाराने दुरूनच हाताने खूण केली, घाई करू नका. अभिमन तरी खिडकीपाशी गेला, वाकला आणि बोलायला लागला. आवाज साधा, शेजारी बसलेल्या प्रवाशाशी बोलावा तसा.

"हा सावखेडे फाटा आहे. इथून पारोळा जवळ. मी अभिमन. तुझी गाडी आता सरळ करतो. पाऊस येईल असं दिसतं, कापसाला बरा आहे. तुझ्याकडे झाला का पाऊस?"

हवालदार जवळ आला, खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाला, "अभिमनभाऊ, तो गेलाय. मघाशीच."

"माहीत आहे," अभिमन म्हणाला.

हवालदाराने शिट्टी तोंडात घातली आणि थांबून बघणाऱ्या गाड्यांना पुढे काढायला लागला. अभिमन क्रेनवर चढला. हूक खाली येत होता, आणि काच खाली करून तो त्या केबिनकडे बघत आपल्या गावाबद्दल सांगतच होता.